चाचीची तूर

खरीप 2022 ची गोष्ट. मी माहेरी गेले होते. चाचीचा नातू मोबाइल घेऊन शेतातून धावत आला, "दादी, पिकाची नोंद झाली!"

चाचीने विचारले, "क्या लिखा?"

"सोयाबीन."

"और मेरी तूर?"

चाचाजान गेल्यानंतर दीड एकराचा सातबारा चाचीच्या नावावर झाला. सोयाबीनच्या ओळींमध्ये ती दरवर्षी तूर पेरते. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघते, तूर पुढे जानेवारीपर्यंत उभी असते. घरातली वर्षाची डाळ तीच. मी फोन हातात घेतला. 'पिकाचा वर्ग' या ठिकाणी सातवीतल्या या पोराने 'निर्भेळ पीक' निवडले होते. "निर्भेळ म्हणजे काय रे?" मी विचारले. "चांगलं पीक, फुफी. भेसळ नसलेलं." अर्थ तसा चुकला नव्हता, पण दादीची तूर मात्र कागदावरून गेली होती.

पूर्वी ही नोंद तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवायचे ठरले. ही नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे तीच विचारली जाते.

ऑगस्ट 2022 मध्ये हे ॲप नव्याने बांधून आले. बदल वरवरचे नव्हते. फोटो घेताना आपण गटापासून दूर उभे असलो तर फोनच तसे सांगू लागला. मुख्य पिकाबरोबर दोनऐवजी तीन दुय्यम पिके लिहिता येऊ लागली. शेतकऱ्याने दिलेली माहिती स्वयंघोषणा म्हणून मान्य, तलाठ्यांनी त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासायच्या. मला सगळ्यात मोलाचा वाटला तो 48 तासांत एकदा दुरुस्ती करण्याचा बदल. चूक होणारच, हे त्यात आधीच धरलेले आहे. वहीत खाडाखोड करायला मुलांना जागा लागते, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही.

आम्ही त्याच संध्याकाळी परत शेतात गेलो. मिश्र पीक, मुख्य सोयाबीन, दुय्यम तूर. चाची तुरीच्या झाडाला हात लावून उभी राहिली आणि नातवाने फोटो काढला.

रात्री मी तिला विचारले, हा मोबाइल तुझ्या मनासारखा करायचा तर कसा करशील? चाची उर्दू सफाईने वाचते, मराठी बोलते, पण नागरी लिपी तिला येत नाही. तिने आधी गट क्रमांकच खोडला. म्हणाली, "नंबर मला काय कळतो? 'विहिरीचा तुकडा' लिही." मग म्हणाली, पिकाच्या नावाशेजारी शेंगेचे चित्र असावे. नोंद पाठवायच्या आधी फोनने सगळे मोठ्याने वाचून दाखवावे. आणि एका पडद्यावर एकच प्रश्न. तिच्या मागण्या एवढ्याच. एखाद्या अभियंत्याला यातले काही अवघड वाटेल, काही अगदी सोपे. गट क्रमांक तर काढता येणारच नाही, सातबारा त्याच्यावरच चालतो; पण क्रमांकाखाली शेताचे घरातले नाव लिहायला काय हरकत आहे? आपल्या कितीतरी घरांत जमीन बाईच्या नावावर आणि फोन पोराच्या हातात असतो. पोराने काय दाबले हे तिला दिसले नाही, ऐकू आले नाही, तर तिच्या शेताची नोंद तिची कशी म्हणायची?

ॲप बदलणे माझ्या हातात नव्हते. शाळेच्या वहीचा एक कागद फाडला, पडदे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने चौकटी काढल्या आणि प्रत्येकीखाली उर्दूत लिहिले: येथे तुकडा, येथे एक पीक की दोन, येथे सोयाबीन, येथे तूर. चाचीने तो कागद धान्याच्या कोठीवर चिकटवला.

पुढच्या खरिपात तिचा फोन आला. नोंद झाली होती. बटण नातवानेच दाबले, पण कागद तिच्या हातात होता. "तिसऱ्या चौकटीला थांबवलं त्याला," ती म्हणाली, "या वर्षी उडीदही टाकलाय, तो राहिला असता."