कलबुर्गी: कोठार भरलेले, कारखाने मोजके

सीमेवरची शहरे : लेखांक 6

मागच्या आठवड्यात बीदर पाहिले. आता दक्षिणेला, कलबुर्गीला. 2001 मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास असलेले हे शहर 2011 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या पुढे गेले. दहा वर्षांत लाखभर माणूस वाढला. त्यात घरची वाढ आहेच. पण बाहेरच्या माणसाला इथे ओढते काय?

निदान गिरण्या तरी नव्हेत. निजामाच्या काळातली महबूब शाही कापड गिरणी कधीच बंद पडली. माणूस येतो तो शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी आणि कचेरीच्या कामासाठी. 1980 मध्ये विद्यापीठ झाले, 2008 मध्ये उच्च न्यायालयाचे पीठ आले, 2009 मध्ये आळंद रस्त्यावर कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ. त्यांच्या जोरावर खानावळी, भाड्याच्या खोल्या आणि क्लासेस चालतात. वस्तीही सरमिसळ: तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुसलमान, आणि बाजारात कन्नड, दखनी, मराठी, तेलुगू असे सगळेच कानावर पडते.

पैसा मात्र काळ्या रानातून येतो. पौष-माघात नेहरू गंजात तुरीच्या थप्प्या लागतात आणि अडतीत सौदे होतात. डाळ गिरणीत तुरीला तेल-पाण्याचा हात देऊन ती मुरवतात, उन्हात वाळवतात, मग भरडतात. शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ सुटते. चुनी आणि टरफल जनावरांच्या खुराकाला जाते. 2019 मध्ये या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण 2021 पासून केंद्राने आयात खुली केली, तेव्हापासून गंजातल्या भावावर म्यानमार आणि मोझांबिकच्या पिकाचेही सावट असते.

दुसरे धन दगडाचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांत पायाखाली असलेली शहाबादी फरशी याच जिल्ह्यातल्या शहाबादची. त्याच चुनखडीवर वाडी आणि सेडमचे सिमेंट कारखाने उभे आहेत. ते मोठे खरे, पण काम यंत्रांचे. टनांच्या मानाने नोकऱ्या थोड्या. म्हणून सुगी आटोपली की तांड्यांवरची लंबाणी कुटुंबे आजही मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर जातात.

मुंबई-पुणेच का? कर्नाटकाची राजधानी बेंगळुरू इथून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे, सोलापूर शंभर-सव्वाशेवर. कलबुर्गी स्टेशनसुद्धा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात मोडते. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले, कलबुर्गी म्हैसूरकडे. सरहद्द बदलली, बाजाराची वाट बदलली नाही.

राजधानीपासून दूरच्या या टापूचा मागासलेपणा सरकारदरबारीही मान्य आहे. 2002 च्या नंजुंडप्पा समितीने या भागातले अनेक तालुके अतिमागास ठरवले. त्यानंतर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती होऊन कलम 371(जे) आले. त्याने स्थानिकांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण दिले. पण 2011 मध्ये जिल्ह्याची साक्षरता 64.85 टक्के होती, राज्याची 75.36. आरक्षित जागेपर्यंत पोहोचायला आधी शाळा पुरी व्हावी लागते, आणि हंगामी स्थलांतरात नेमकी तीच सुटते. 2027 च्या जनगणनेत शहर किती फुगले यापेक्षा साक्षरतेतले हे अंतर किती घटले, ते पाहायला हवे.

पुढच्या आठवड्यात: भालकी, बसवकल्याण आणि आळंद.