सिकलसेल आजारावरील अलीकडील संशोधन आणि महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वैद्यकशास्त्र व जीवशास्त्र या क्षेत्रांतील संशोधनाच्या वार्ता आज वृत्तपत्रांतून दररोज वाचावयास मिळतात. परंतु त्यांपैकी कोणते निष्कर्ष आपल्या परिसरातील माणसाच्या उपयोगी पडणारे आहेत, याचा विचार क्वचितच केला जातो. सिकलसेल हा विदर्भाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९७ हजार आहे. २०१८ साली नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये वाशिमचा समावेश झाला. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकास सिकलसेलविषयी नेमके ज्ञान असणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय निवडण्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी थंडीच्या दिवसांत वारंवार गैरहजर राहत असे. उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी भरल्याने तिला सर्वांसमक्ष आळशी म्हटले गेले, आणि ते म्हणणारा प्रस्तुत लेखकच होता. पुढे तिचे वडील दवाखान्याची फाईल घेऊन आले. त्या फाईलवर 'एसएस पॅटर्न' एवढीच दोन अक्षरे ठळकपणे लिहिलेली होती. त्या दोन अक्षरांचा अर्थ ठाऊक असता तर तो प्रसंग टळला असता.

रोगाचा शास्त्रीय उलगडा

तांबड्या रक्तपेशी सामान्यतः गोल व लवचिक असतात. सिकलसेल आजारात प्राणवायू कमी झाला की त्या ताठर होऊन विळ्याचा आकार धारण करतात. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो व असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णास कायम रक्तक्षय असतो. प्लीहा लवकर निकामी होत असल्याने लहान मुलांना जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो.

शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. एखादा रोग रेणूच्या पातळीवर ओळखला जाण्याचे हे पहिले उदाहरण होय. त्यानंतर व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका दोष शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. शेकडो अमिनो आम्लांच्या या रेणूतील एवढ्या एका बदलातून आयुष्यभराचे दुखणे उद्भवते.

हा दोष काही समाजगटांत अधिक का आढळतो, याचे उत्तर अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली दिले. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेल्या व्यक्तीस, म्हणजे वाहकास, तीव्र मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तेथे हे जनुक टिकून राहिले. समाजांतर्गत विवाहाच्या प्रथेने ते ठरावीक गटांत अधिक एकवटले. याचा कोणत्याही जातीच्या अथवा जमातीच्या शुद्धाशुद्धतेशी काडीचाही संबंध नाही, हे अध्यापकांनी स्वतः समजून घेऊन वर्गात ठामपणे सांगितले पाहिजे.

विदर्भातील संशोधन

भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. त्यानंतर १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून विदर्भातील अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती व काही इतर मागास समाजगटांत हा आजार आढळत असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. वाशिम जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के व अनुसूचित जमातींचे सुमारे ७ टक्के आहे. त्यामुळे 'हा गडचिरोली-मेळघाटाचा प्रश्न आहे, आपला नव्हे' असे म्हणून वाशिमला स्वस्थ बसता येणार नाही.

भारतीय रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने येथील आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा सौम्य असतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. नागपूर येथील बालरोगतज्ज्ञ दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील मुलांचा जो अभ्यास केला, त्यातून या समजास छेद गेला. अनेक मुलांत आजार तीव्र स्वरूपाचा असून त्यांना वारंवार वेदनाझटके येतात व रक्त द्यावे लागते, असे त्यांना आढळले. म्हणजेच 'आपल्याकडे तो सौम्यच असतो' या भरवशावर उपचार लांबणीवर टाकणे योग्य नव्हे.

उपचारविषयक निष्कर्ष

या आजारावर काहीच उपाय नाही, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. पेनिसिलिनचा प्रतिबंधक डोस नियमित दिल्यास लहान मुलांतील घातक न्यूमोकोकस संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ साली अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. १९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया या गोळीमुळे वेदनाझटक्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. हे औषध शरीरातील गर्भीय हिमोग्लोबिन वाढविते व त्यामुळे पेशींचा आकार बिघडण्यास अटकाव होतो.

पाश्चात्त्य रुग्णालयांतील निष्कर्ष आपल्याकडे लागू पडतील काय, ही शंका रास्त होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नागपूर येथील चाचणीत दररोज किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प डोसानेही तीव्र आजार असलेल्या मुलांना लाभ झाला. आफ्रिकेतील चार देशांत ६०० हून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषध सुरू केल्यानंतर मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्णवर्षांमागे ३.६ वरून १.१ वर आले. या अभ्यासात स्वतंत्र तुलनागट नव्हता, ही मर्यादा लक्षात घेऊनही त्याचे महत्त्व कमी होत नाही. हायड्रॉक्सियुरिया सुरू असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते, तसेच गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य ठरतो. म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने घेण्याची अथवा सोडण्याची नव्हे.

जनुक-संपादन : आशा व मर्यादा

नवजात बालकाच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर असते. त्यामुळे पहिले काही महिने सिकलसेलची लक्षणे दिसत नाहीत. जन्मानंतर हे हिमोग्लोबिन बंद करण्याच्या कामी बीसीएल-११-ए या जनुकाचा वाटा मोठा असल्याचे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. तो 'खटका' पुन्हा उलट दिशेने फिरविता आला तर रुग्णाचे शरीर स्वतःच उपचार करील, या कल्पनेतून 'कॅसजेव्ही' हा उपचार साकारला. यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून क्रिस्पर तंत्राने संपादित करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. क्रिस्पर तंत्राबद्दल एमॅन्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये या उपचारास मान्यता दिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३० पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनाझटका आला नाही.

हे यश विलक्षण आहे. परंतु अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक ठेवण्यात आली. त्यापूर्वी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते व तिचा प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याचा धोका असतो. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीस्थित जीनोमिक्स संस्थेने विकसित केलेल्या 'बिरसा १०१' या स्वदेशी क्रिस्पर उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. ही घटना अभिमानास्पद असली, तरी घोषणा आणि गावातील रुग्णापर्यंत पोहोचलेला उपचार यांत मोठे अंतर असते. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होक्सेलोटर हे औषध सुरक्षिततेच्या कारणावरून सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकासच बाजारातून मागे घ्यावे लागले, हे उदाहरण या संदर्भात विसरता कामा नये.

चाचणी आणि तिचा अर्थ

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन अशी त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणी वाढते तसतशी तिच्या अर्थाविषयीची संभ्रमावस्थाही वाढते. शिबिरात केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी केवळ सिकल हिमोग्लोबिन आहे किंवा नाही एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही निश्चितीची चाचणी करावी लागते. केवळ 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्या चिठ्ठीने घाबरून गेलेल्या विद्यार्थ्यास हा फरक कोणी समजावून सांगत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक. तो रोगी नव्हे. काही दुर्मीळ परिस्थिती वगळता त्याचे आयुष्य इतरांसारखेच असते. 'एसएस पॅटर्न' म्हणजे रुग्ण. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. 'चारपैकी एकच मूल आजारी होईल, पहिले झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित' असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. अशा दांपत्यास दोन अपत्ये झाल्यास त्यांपैकी किमान एक रुग्ण असण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के येते. गणिताच्या अध्यापकास संभाव्यतेचे याहून उपयुक्त उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

महाविद्यालयाची भूमिका

पदवीचे विद्यार्थी विवाहाच्या उंबरठ्यावर उभे असतात. पत्रिका जुळविण्याआधी रक्ताची चिठ्ठी पाहावी, हे सांगण्याचे योग्य वय हेच व योग्य स्थळ महाविद्यालय हेच होय. या दृष्टीने पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात.

१) राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून तपासणी शिबिर घ्यावे, मात्र तपासणी ऐच्छिक असावी व अहवाल बंद पाकिटात ज्याचा त्यालाच द्यावा. नावांची यादी सूचनाफलकावर लागली, तर त्या मुलींच्या विवाहात अडथळे येतील व पुढील शिबिरास कोणीही फिरकणार नाही.

२) समुपदेशनाशिवाय चाचणी करू नये. दोन वाहकांचे लग्न हा गुन्हा नव्हे. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात निदानाची सोय उपलब्ध आहे, ही माहिती त्यांना मिळाली पाहिजे व निर्णय त्यांचाच असावा.

३) थंडी, अतिश्रम, ताप व पाणी कमी पिणे यांमुळे वेदनाझटका येऊ शकतो. रुग्ण विद्यार्थ्यास वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची व आवश्यक तेव्हा बाहेर जाण्याची मुभा द्यावी. क्रीडा विभागासही याची कल्पना द्यावी.

४) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. प्रवेश समितीने ही बाब विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी.

५) ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत वाशिमचाही समावेश आहे. पारंपरिक महाविद्यालयांनी त्या संस्थेशी संपर्क साधून मार्गदर्शन घ्यावे.

समारोप

जनुक-संपादनाचा उपचार वाशिमच्या रुग्णास केव्हा परवडेल, हे आपल्या हाती नाही. मात्र वेळीच चाचणी, नियमित औषध व समंजस समुपदेशन या गोष्टी संशोधनाने केव्हाच सिद्ध केल्या असून त्यांचा खर्च अल्प आहे. त्या विद्यार्थ्यापर्यंत न पोहोचण्याचे एक कारण शिक्षकाचे अज्ञान हेही आहे, हे मान्य करावे लागेल. ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख आरंभी केला, तिने पुढे पदवी पूर्ण केली. तिची अनुपस्थिती क्षमापित करण्याचा अर्ज प्रस्तुत लेखकानेच लिहून दिला. त्या अर्जास प्राचार्यांनी कारण विचारले तेव्हा उत्तर देता आले, याचे समाधान आहे. मात्र ते उत्तर एक वर्ष उशिरा माहीत झाले, याची खंत आजही कायम आहे.