तारा पेटायच्या आधीच वायू तापतो

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की जळगाव-भुसावळचे रस्ते दुपारी ओस पडतात. त्यामुळे मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातला वायू सुमारे १०,००० अंशांवर आहे म्हटलं, की इथला माणूस म्हणणारच, ‘मग तिथे सगळं भस्म होत असेल!’

वायूमुळे तरी नाही. तापमान सांगतं कण किती वेगाने धावतात ते. चटका किती बसेल, हे कण किती आहेत त्यावर ठरतं. धुळ्याच्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. तेजोमेघात तेवढ्याच जागेत कण असतात जेमतेम काही हजार. तिथल्या वायूची धग हाताला जाणवणारही नाही. तिथल्या तरुण, अवजड ताऱ्यांचे अतिनील किरण मात्र कातडी सोडणार नाहीत. हेच किरण हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्या धडपडीत वायू तापतो. गंमत म्हणजे त्याच वायूत मिसळलेली बरीचशी धूळ शून्याखाली शंभराहून अधिक अंशांवर गारठलेली असते.

याहून चिवट गैरसमज असा, की ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचं संमीलन सुरू झाल्यावरच भोवताल तापू लागतो. संमीलनाला गाभ्यात सुमारे १ कोटी अंश लागतात आणि सूर्याएवढ्या ताऱ्याला ती स्थिती गाठायला काही कोटी वर्षं जातात. पण तापवणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. तारा ज्यातून जन्मतो, तो मूळ ढग उणे २६० अंशांच्या आसपास असतो. गुरुत्वाकर्षणाने ओढलेला वायू सेकंदाला शंभरावर किलोमीटर वेगाने त्यात घडणाऱ्या बालताऱ्यावर आदळतो, त्या आदळण्याचीच उष्णता होते. भोवतालची धूळ ती शोषते, अवरक्त किरणांत परत फेकते आणि दाट भागात वायूलाही ऊब देते. उणे १७० अंशांच्या आसपास धूलिकणांवरचं बर्फ उडून जातं. त्यात गोठलेलं मेथॅनॉलसारखं द्रव्य वायूत मिसळतं आणि रेडिओ दुर्बिणींना त्याची खूण सापडते. शिवाय बालतारा दोन्ही ध्रुवांकडून झोत सोडतो. ते वाटेतल्या वायूवर आदळले की तिथला वायू हजारो अंशांवर जातो.

या गोष्टी मोजण्यात महाराष्ट्राचा हात आहे. दूर-अवरक्त किरण हवेतली वाफ गिळते, म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनने सुमारे ३० किलोमीटर उंच नेऊन अशी ऊबदार धूळ न्याहाळली. तापलेल्या, विद्युतभारित वायूच्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण टिपते. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येक ४५ मीटर व्यासाची आहे.

तेजोमेघाच्या फोटोतला लाल रंग तापलेल्या लोखंडासारखा समजू नका. तो हायड्रोजनचा ठरावीक प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा. लहान दुर्बिणीतून तेजोमेघ करडाच दिसतो, तेव्हा हिरमुसू नका.

आणि जूनमध्ये मृग निघाला म्हणून तो आकाशात शोधू नका. तेव्हा सूर्यच त्या भागात असतो. डिसेंबर ते मार्च, रात्रीच्या जेवणानंतर, गावच्या दिव्यांपासून लांब, यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला धूसर ठिपका म्हणजेच तो तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर.