मुईद : मदरशातील साहाय्यक अध्यापक

विद्यापीठात स्वतः शिकत असताना खालच्या वर्गांना शिकविणारा 'अध्यापन साहाय्यक' ही पाश्चात्त्य विद्यापीठांची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मध्ययुगीन मदरशांत हे पद 'मुईद' या नावाने रूढ होते. अरबीत 'इआदा' म्हणजे पुनरावृत्ती; ती करून घेणारा तो मुईद.

मुदर्रिस म्हणजे मुख्य अध्यापक. त्याचा पाठ झाल्यावर मुईद तोच पाठ विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घेई व कठीण भाग उलगडून सांगे. इ. स. १२३४ मध्ये बगदाद येथे सुरू झालेल्या मुस्तन्सिरिया मदरशात चारही फिक्ही मजहबांची स्वतंत्र व्यवस्था होती. प्रत्येक मजहबासाठी १ मुदर्रिस, ४ मुईद व ६२ विद्यार्थी अशी संख्या ठरलेली होती. म्हणजे साधारण पंधरा-सोळा विद्यार्थ्यांमागे एक मुईद! त्यांच्या वेतनाची तरतूद वक्फमधून होत असे.

हे पद पुढील वाटचालीची पायरीही होते. निशापूर येथे इमाम अल-जुवैनी यांचे मुईद असलेले अल-किया अल-हर्रासी पुढे बगदादच्या निजामिया मदरशात मुदर्रिस झाले. चौदाव्या शतकातील विद्वान ताजुद्दीन अस-सुब्की (मृत्यू १३७०) यांनी मुईदाचे कर्तव्य स्पष्ट केले आहे : त्याने केवळ पाठ ऐकून थांबू नये, इतरांना तो समजावून द्यावा. तसे न करणारा मुईद आणि सामान्य विद्यार्थी यांत फरक तो कोणता?

इजिप्तच्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेत अध्यापन करणाऱ्या तरुणास आजही मुईदच म्हणतात. अमेरिकेत मात्र अशा साहाय्यकाला विद्यार्थी मानावे की कर्मचारी, हा वाद दीर्घकाळ चालला आहे. तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने खासगी विद्यापीठांबाबत २००० मध्ये 'कर्मचारी', २००४ मध्ये 'विद्यार्थी' आणि २०१६ मध्ये पुन्हा 'कर्मचारी' असा निर्णय दिला.

मुस्तन्सिरियाच्या व्यवस्थेत मुईद शिकत-शिकवत असला तरी त्याचे काम, त्याच्याकडील विद्यार्थ्यांचे प्रमाण आणि त्याचा मोबदला आधीच निश्चित होता. साहाय्यकांकडून अध्यापनाचा मोठा भार उचलून घेणाऱ्या आजच्या संस्थांनी या तीन गोष्टींचा विचार अवश्य करावा.