सुसरीच्या तोंडाचा मासा

मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना एक विचित्र मासा सापडला. लांबट जबडा, त्यात अणकुचीदार दात. तोंड थेट सुसरीचे! हा होता अ‍ॅलिगेटर गार. याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व मेक्सिकोच्या आखाताचा किनारा. आपल्याकडे तो शोभेचा मासा म्हणून विकला जातो. लहानपणी काचेच्या टाकीत मावतो. पूर्ण वाढल्यावर मात्र दोन मीटरच्याही पुढे जातो. २०११ मध्ये मिसिसिपी राज्यात पकडलेल्या एका गारचे वजन सुमारे १४८ किलोग्रॅम होते.

याला पाहणारा हमखास का फसतो? एक कारण जबडा. निसटत्या भक्ष्याला झटक्यात पकडायचे, तर लांब जबडा आणि टोकदार दात सोयीचे. मगर सरीसृप, गार मासा. तरी सारख्या कामासाठी सारखी रचना घडली. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. दुसरे कारण सवयीचे. गारचे वाताशय फुप्फुसासारखे काम करते. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. गढूळ पाण्यात तेवढेच डोके दिसले, की बाकीची मगर आपले मनच पूर्ण करते!

म्हणून ओळख एका खुणेवर ठरवू नये. पाय आहेत की पर? डोक्यामागे कल्ल्यांचे झाकण आहे का? डोळ्यांना पापण्या आहेत का? गारला पर व झाकण असते, पापण्या नसतात. त्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले हाडाचे असून त्यांवर गॅनॉइन या दंतवल्कासारख्या पदार्थाचा कठीण थर असतो.

असे खवले सहज कुजत नाहीत, म्हणून गारचे जीवाश्म पुष्कळ मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या लॅमेटा थरांतील अशाच अवशेषांचे वर्णन वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात गारचे नातलग विदर्भातही पोहत होते! परंतु यावरून आजचा गार ‘इथलाच’ ठरत नाही. ते नातलग केव्हाच नष्ट झाले. आजचा गार आपल्या तळ्यांना सर्वस्वी परका आहे. मोठा झाला म्हणून त्याला तळ्यात सोडणे स्थानिक माशांच्या जिवावर बेतू शकते.

चुकीच्या समजाची किंमत गारनेही मोजली आहे. माणसावर हल्ला करणारा, खाण्याजोगे मासे फस्त करणारा, असा शिक्का बसल्याने विसाव्या शतकात अमेरिकेत त्याची सरसकट कत्तल झाली. टेक्सासमध्ये तर त्यासाठी विजेचा धक्का देणारी नौका वापरली गेली. माणसावरच्या हल्ल्याची खात्रीलायक नोंद मात्र एकही नाही. त्याची अंडी विषारी असतात, एवढाच काय तो धोका.

वर्गात मगर, सुसर आणि गार यांची चित्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना आधी फरकांची यादी करू द्यावी. नावे नंतर सांगावीत.