गाडी खाली बसवल्यावर अलाइनमेंट

नवीन जालन्यात हल्ली खाली बसवलेल्या मोटारी दिसतात. स्प्रिंग आखूड केल्या की गाडी ऐटदार दिसते, पण चाकांचे कोन बदलतात. खालचा आर्म आणि स्टिअरिंगचा टाय रॉड तिरपे होतात. मग चाकांचा वरचा भाग आत झुकतो (हा कॅम्बर) आणि पुढच्या चाकांची समांतरता, म्हणजे टो, बिघडते. टायर लवकर खातो तो मुख्यतः टो. झीज आतल्या कडेला होते, उभ्याने पाहिल्यास दिसत नाही. अशा टायरवर समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवरून वेगात जाणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून क्रम पाळा. आर्मचे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, हवा योग्य असावी. आधी कॅम्बर, शेवटी टो. अनेक छोट्या गाड्यांत कॅम्बर बदलण्याची सोयच नसते. वेगळे कॅम्बर बोल्ट लागतात. फक्त टो जुळवून 'झालं' म्हणणाऱ्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, तेव्हा हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हेडलाइटही जुळवा.

मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओत विचारा.