कवटीचे क्ष-किरण चित्र आणि सिराकुल्या

‘मला सायनस आहे’ असे सांगून रुग्ण एक्स-रे पुढे करतो, तेव्हा त्याला नासिकेभोवतीच्या हवेच्या पोकळ्या अभिप्रेत असतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्या नव्हेत. मेंदूतील अशुद्ध रक्त मानेतील सिरांकडे नेणारे, ड्यूरा मेटर या आवरणाच्या थरांमधील व्हीनस सायनस, म्हणजेच सिराकुल्या, येथे विचारात घेतल्या आहेत.

साध्या क्ष-किरण चित्रात रक्त व मेंदू यांची छाया जवळजवळ सारखीच पडते. त्यामुळे सिराकुल्या स्वतः दिसत नाही. अस्थीच्या आतील पृष्ठावरची तिची खाच तेवढी दिसते. पार्श्वचित्रात ट्रान्सव्हर्स सायनसची खाच पश्चकपालास्थीवरून कानामागील भागाकडे जाणाऱ्या रुंद, काळसर पट्ट्याप्रमाणे आढळते. हनुवटी छातीकडे घेऊन, किरण सुमारे ३० अंश कलते ठेवून काढलेल्या टाउन चित्रात दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. उजवी खाच बहुधा मोठी असते, ही विकृती नव्हे. खाच पुसट असली म्हणून सिराकुल्या नाहीच, असेही ठरत नाही. अस्थिभंगाची रेषा याहून अरुंद व तीक्ष्ण कडांची असते.

शारीर विभागातील शुष्क कवटीच्या या खाचेत तांब्याची बारीक तार मेणाने बसवून चित्र काढल्यास विद्यार्थ्यांना मार्ग स्पष्ट कळतो. केवळ कुतूहलापोटी जिवंत व्यक्तीवर किरण टाकणे मात्र अनुचित होय.

सुश्रुताने सद्यःप्राणहर मर्मांत गणलेले अधिपति हे सिरा व संधी यांच्या मीलनाचे स्थान असून बाहेर रोमावर्ताने ओळखावयाचे आहे. काही अभ्यासक त्याची सांगड सिराकुल्यांच्या संगमाशी घालतात. परंतु पार्श्वचित्रात हा संगम डोक्यामागील हातास लागणाऱ्या उंचवट्याच्या पातळीजवळ येतो. रोमावर्त त्याहून बराच वर असतो. त्याखाली जाते ती सुपीरियर सॅजिटल सायनस. म्हणून ही सांगड प्रस्तुत लेखकास सैल वाटते.

चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की सिराकुल्येत रक्त गोठले तरी साधा एक्स-रे सामान्यतः निर्दोषच येतो. सूतिका, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी स्त्री किंवा जलक्षय झालेला रुग्ण यांना नव्याने सुरू होऊन वाढत जाणारा शिरःशूल, वमन, अंधुक दृष्टी, आक्षेप अथवा एका अंगाची दुर्बलता असेल, तर त्या एक्स-रेवर विसंबून नस्य-शिरोधारा चालू ठेवू नये. औषधविक्रेत्यानेही अशा वेळी वेदनाशामक देऊन बोळवण करू नये. एम.आर. किंवा सी.टी. व्हेनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे. चिठ्ठीत प्रसूतीस किती दिवस झाले व कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे अवश्य लिहावे.